ब्रेकजवळ बसवलेला देव

माझ्या दुकानात फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात उरलेले स्क्रू. तीस वर्षं मी ताइनान शहरातल्या या गल्लीत पंखे आणि भाताचे कुकर दुरुस्त करतोय, आणि तीस वर्षांत अशी एकही वस्तू माझ्या हातून गेली नाही की जिचा एखादा स्क्रू मागे राहिला नाही. वस्तू चालतात हो! तक्रार कुणाची नाही. पण लोक पंखा न्यायला आले की आधी डब्यात डोकावतात. "आतेक, यातला आमचा कुठला?" असं विचारतात (आतेक म्हणजे मी) आणि हसतात मेले.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे मी एका स्कूटरच्या ब्रेकला हात घातला, आणि तुम्ही म्हणाल, असल्या माणसाला ब्रेकला हात लावू दिला कुणी? कुणी नाही. मीच लावला.

स्कूटर माझ्या मुलीची, शिनरूची. ती नर्स आहे. चियायी शहराच्या वर, चहाच्या डोंगरांत तिला नोकरी लागली होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं रक्तदाब-साखर बघायचं काम. तिकडे बस दिवसातून दोनदा, तीही लहर आली तर. म्हणजे स्कूटर हवीच. आणि शिनरू स्कूटरला घाबरते.

त्याचं कारणही मीच. सात वर्षांपूर्वी, ती सतरा वर्षांची असताना, मी तिला मागे बसवून चाललो होतो. पाऊस नुकताच थांबलेला. झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पट्ट्यांवर मी पुढचा ब्रेक करकचून दाबला, चाक जागीच जाम झालं आणि स्कूटर आडवी. मला साधं खरचटलंसुद्धा नाही. शिनरूचं गळ्याखालचं हाड मोडलं. कुत्रा मध्ये आला होता, असं मी दवाखान्यात सांगितलं. मग बायकोला सांगितलं, मग गल्लीत सगळ्यांना सांगितलं. सात वर्षांत तो कुत्रा तपकिरी झाला, त्याला एक पांढरा कान फुटला, आणि अलीकडे तर तो थोडा लंगडायलाही लागला होता.

त्यानंतर शिनरू पाच वर्षं स्कूटरवर बसली नाही. ताइनानमध्ये स्कूटरवर न बसणं म्हणजे काय ते इथल्यालाच कळेल. मग हळूहळू शिकली, पण एका अटीवर: एबीएस पाहिजे. म्हणजे तो ब्रेक, जो कितीही जोरात दाबला तरी चाक जाम होऊ देत नाही. तिने साठवलेल्या पैशांतून एक जुनी पण ठणठणीत एबीएसवाली स्कूटर घेतली. "बाबा, हा ब्रेक आहे म्हणून मी जातेय," ती म्हणाली. "नाहीतर नाही जाणार. झेरॉक्सच्या दुकानात बसेन."

मी हसून मान डोलावली. पण तिला तो ब्रेक माझ्यामुळे लागतोय, हे काही डोक्यातून जाईना.

म्हणून स्कूटर घरी आली त्याच दिवशी संध्याकाळी मी गुपचूप तिसऱ्या राजकुमाराच्या देवळात गेलो. हा आमचा देव म्हणजे लहान मूल. पायाखाली आगीची दोन चाकं, त्यामुळे टॅक्सीवाले, ट्रकवाले, स्कूटरवाले सगळे त्याचे भक्त. त्याच्यापुढे उदबत्तीबरोबर लॉलीपॉप आणि खेळण्यातल्या गाड्या ठेवतात. तिथून मी एक ताईत आणला. साधा लाल कापडाचा नाही, धातूचा, गोल, मागे जबरदस्त लोहचुंबक असलेला. वाटेल तिथे चिकटवा, निघायचा नाही. लोक तो हँडलजवळ लावतात. पण मी पडलो हुशार. म्हटलं, भीती कशाची? ब्रेकची. मग देव कुठे हवा? ब्रेकजवळ. पुढच्या चाकाशी वाकून मी डिस्कच्या मागे एक छोटी लोखंडी पट्टी शोधली, तिच्या आतल्या बाजूला राजकुमाराला बसवलं, पाऊस लागू नये म्हणून वरून काळी टेप गुंडाळली आणि नमस्कार केला. कुणाला बोललो नाही. शिनरू असल्या गोष्टींना हसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवर पिवळा दिवा लागला. एबीएस बंद.

आणि मी काय म्हणालो असेन? मी मनात म्हणालो, "बरं झालं बुवा, कालच देव बसवला!"

शोरूमवाल्याने स्कूटरला हातही न लावता सांगितलं की अख्खा एबीएसचा डबा बदलावा लागेल. रक्कम ऐकून शिनरू खुर्चीत बसली. तेवढ्यात दुसरी अर्धी स्कूटर आली असती. मी तिथेच छाती पुढे काढून म्हटलं, "तू चिंता करू नकोस. तुझा बाप आहे."

माझी बायको ग्वेहा हे ऐकून कपाळ धरून बसली. "म्हाताऱ्या माकडा," ती म्हणाली (लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पंचवीस वर्षांपासून माझं हेच नाव आहे), "पंख्यातला स्क्रू राहिला तर पंखा खडखडतो. ब्रेकमधला राहिला तर काय होईल? आच्वानकडे घेऊन जा."

आच्वान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेला माझा शाळेतला दोस्त. चांगला मेकॅनिक आहे, यात वाद नाही. पण तोंड! मी गेलो की आधी ओरडतो, "आला रे आला, डबेवाला आला!" तरी गेलो. त्याने यंत्र जोडून बघितलं आणि म्हणाला, "डबाबिबा काही गेलेला नाही. पुढच्या चाकाचा सेन्सर नीट वाचत नाहीये. अर्धा तास ठेव, खोलून बघतो. स्वस्तात होईल."

झालं! सेन्सर हा शब्द कानावर पडला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. कुकरमध्येसुद्धा सेन्सर असतो. मी म्हटलं, "तेवढं मला येतं."

"बघ हं. आधी आतल्या बाजूने नुसतं डोळ्यांनी बघ, काही अडकलंय का."

"बघितलंय सगळं," मी म्हटलं. काही एक बघितलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. चाकावर दात्यांची एक रिंग असते आणि सेन्सर ते दाते मोजतो. मी ती रिंग टूथब्रशने घासली. ब्रश ग्वेहाचा होता, हे तिला दोन दिवसांनी कळलं. सेन्सर आणि रिंग यांच्यात किती फट हवी ते मी लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकवून मोजलं. बॅटरी नवी बसवली. भंगारवाल्याकडून दुसरा सेन्सर आणला आणि बदलला. ब्रेकचं ऑइल बदलताना थोडं मडगार्डवर सांडलं; ते पुसायच्या आत शेजाऱ्याशी गप्पा मारत बसलो, तर शिनरूच्या सुंदर निळ्या रंगाचे पापुद्रे निघाले. आणि दर वेळी, दर वेळी हो, सेन्सर काढताना त्या पट्टीमागच्या काळ्या टेपला मी आधी हात जोडायचो, देवाला धक्का लागू नये म्हणून वाकड्या हाताने स्क्रू फिरवायचो, आणि म्हणायचो, "राजकुमारा, तूच आता बघ."

राजकुमार अगदी जवळूनच बघत होता.

दिवा काही विझेना. मी गल्लीत ज्याला त्याला दोष देत सुटलो. आधी ज्याने स्कूटर विकली तो चोर ठरला. मग भंगारवाला चोर ठरला. मग म्हटलं आच्वानचं यंत्रच बिघडलेलं असणार. शिनरू रोज संध्याकाळी यायची, चावी फिरवायची, पिवळ्या दिव्याकडे बघायची आणि घरात जायची. तिची बॅग दाराशी अर्धी भरून ठेवलेली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. शुक्रवारी मी बघितलं, तिने बॅगेतून स्वेटर काढून पुन्हा कपाटात ठेवला. डोंगरात थंडी असते, इथे स्वेटर कशाला लागतोय.

तो स्वेटर बघून माझी बुद्धी फिरली. दुसरा शब्द नाही. शनिवारी सकाळी मी मीटर उघडलं आणि त्या पिवळ्या दिव्यावर आतून काळ्या टेपचा तुकडा चिकटवला. तोच रोल, ज्याने देव गुंडाळला होता. मीटर बंद केलं. दोन स्क्रू उरले, ते डब्यात टाकले. आणि हाक मारली, "शिनरू! झाला बघ!"

ती धावत आली. तिचा चेहरा मला अजून आठवतो, इतका उजळला होता. हेल्मेट हातातच होतं. तिने चावी फिरवली. बाकीचे दिवे लागले. तिने चावी बंद केली आणि परत फिरवली. मग हळूच म्हणाली, "बाबा, चावी फिरवल्यावर हा दिवा आधी लागायला पाहिजे. मग गाडी सुटली की विझायला पाहिजे. हा लागतच नाहीये."

मी म्हटलं, "अगं, म्हणजे पक्का दुरुस्त झाला."

"बाबा."

मी फडक्याने मीटर पुसायला लागलो. ग्वेहा दारात येऊन उभी राहिली होती.

"तू त्याच्यावर काय लावलंस?" शिनरूने विचारलं.

मी टेपचा रोल खिशात सरकवला. शिनरूने ओरडावं, आदळआपट करावी असं मला वाटत होतं. तिने हेल्मेट सीटवर ठेवलं. "डोंगरात पाऊस असतो," ती म्हणाली. "मी ब्रेक आहे समजून दाबला असता, बाबा." आणि आत निघून गेली.

ग्वेहा मला माकड म्हणाली नाही. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी तिथे पायरीवर बसलो. स्वतःचीच इतकी शिसारी आली की विचारू नका. मग उठलो, मीटर उघडलं, टेप काढली आणि रविवारी सकाळी स्कूटर ढकलत आच्वानकडे निघालो. चालवत नाही, ढकलत. शिनरूही आली, चार पावलं मागून.

आच्वानने तोंड उघडलं, माझा चेहरा बघितला आणि मिटलं. स्कूटर डबल स्टँडवर घेतली, टॉर्च हातात धरून पुढच्या चाकाशी पालथा झाला. हातातला स्क्रू ड्रायव्हर त्याने सेन्सरच्या पट्टीजवळ नेला, आणि तो खाडकन त्याच्या हातातून सुटून काळ्या टेपला जाऊन चिकटला.

"हे काय आहे?"

"देव," मी म्हटलं.

"काय?"

"तिसरा राजकुमार."

आच्वान उठून बसला. मग शिनरूला म्हणाला, "पोरी, हा सेन्सर दाते मोजतो तो लोहचुंबकाच्याच जोरावर. तुझ्या बापाने त्याच्या डोळ्यांसमोर हे जबरदस्त चुंबक आणून लावलंय. तो बिचारा काय वाचणार?" आणि मग त्याचं हसू जे फुटलं! पोट धरून, पायपुसण्यावर लोळून. "तीन आठवडे! बॅटरी बदलली! सेन्सर बदलला! देवाला न हलवता!"

मला वाटलं जमीन दुभंगावी. "हस," मी म्हटलं. "पोटभर हस. आणि काढ ते."

आच्वानचं हसू थांबलं. "मी नाही काढणार."

"का?"

"देवळातून मागून आणलेला देव आहे. तू बोलावलंस, तू उठव. विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. माझंही दुकान आहे, बाबा."

यावर वाद घालता येत नाही. मीसुद्धा दुसऱ्याच्या देवाला हात लावला नसता. म्हणून तसेच तिघं देवळात गेलो. कोपऱ्यावरच आहे. लॉलीपॉपची पुडी घेतली.

आमच्याकडे कौल लावायला लाकडाच्या दोन चंद्रकोरी असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. ओंजळीत धरायच्या, आपलं नाव-गाव सांगायचं, काय विचारायचंय ते सरळ सांगायचं आणि खाली टाकायच्या. एक सपाट आणि एक फुगीर पडली तर देवाचा होकार. असा होकार लागोपाठ तीनदा हवा. दोन्ही फुगीर वर आल्या तर नकार. आणि दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसतोय. म्हणजे तू नीट सांगत नाहीयेस, परत सांग.

मी नाव सांगितलं, पत्ता सांगितला. म्हटलं, "राजकुमारा, तुला तिथून हलवायचं आहे, परवानगी दे." टाकल्या. दोन्ही सपाट.

"हसतोय," आच्वान म्हणाला.

परत टाकल्या. परत हसला. तिसऱ्यांदा पण. शेजारी उदबत्ती लावणाऱ्या दोन बाया आमच्याकडे बघायला लागल्या.

"अरे, का बसवला होतास ते सांग ना," आच्वान कुजबुजला. "नाहीतर त्याला काय कळणार?"

"मुलीच्या काळजीने बसवला होता," मी मोठ्याने म्हटलं. "सात वर्षांपूर्वी एक कुत्रा मध्ये आला, तपकिरी, एक कान पांढरा..."

टाकल्या. दोन्ही सपाट. एक तर पडल्यावर डुलत राहिली, जशी काही हसून लोळतेय.

मला घाम फुटला. समोर तो लहान मुलाच्या गालांचा देव, पायाखाली चाकं, आणि पुढ्यात मी, साठीला आलेला, हातात दोन लाकडं घेऊन एका पोराशी खोटं बोलणारा. मागे शिनरू उभी होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"कुत्रा नव्हता," मी म्हटलं.

शेजारच्या बायांनी हातातल्या उदबत्त्या खाली ठेवल्या.

"कुत्रा नव्हताच. रस्त्याकडेला कुणीतरी जुना पंखा टाकला होता, मी त्याच्याकडे बघत होतो. मोटर चांगली असेल, उचलून न्यावा, असं डोक्यात होतं. समोर बघितलं तर क्रॉसिंग आलेलं. मीच ब्रेक दाबला. माझ्याच हाताने. म्हणून तुला तिथे बसवला, राजकुमारा. पोरीसाठी नाही, माझ्या मनाला चैन पडावं म्हणून बसवला."

आणि ओंजळ उघडली.

एक सपाट, एक फुगीर. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात टाकल्या की एक चंद्रकोर उडून नैवेद्याच्या टेबलाखाली गेली.

"हात लावू नकोस! आधी बघ!" आच्वान ओरडला.

म्हणून मी पोटावर झोपून टेबलाखाली शिरलो. खाली धूळ, दोन जुने लॉलीपॉप आणि कुणाचं तरी चुकून पडलेलं खेळण्यातलं ट्रॅक्टर. अंगावर पडदा. मला फक्त शिनरूच्या चपला दिसत होत्या.

"हिरव्या पात्यांचा होता," चपलांच्या वरून आवाज आला.

"काय?"

"पंखा. मी मागे बसले होते ना बाबा. तुझं डोकं तिकडे वळलेलं मला दिसत होतं."

मी टेबलाखालीच राहिलो. "मग... सात वर्षं बोलली का नाहीस?"

"दर वेळी तू कुत्र्याची गोष्ट सुरू केलीस की मला वाटायचं, या वेळी सांगशील." एक चप्पल जमिनीवर घासली. "तर तू त्याला लंगडा केलास."

बाहेर आच्वानला खोकला आला. हसू दाबत होता नालायक. मी चंद्रकोर शोधली. फुगीर बाजू वर होती. बाहेरची सपाट होती. होकार. तरी मी लगेच बाहेर आलो नाही. चेहरा पुसायला जरा वेळ लागला, आणि तिथे धूळही फार होती.

गॅरेजवर परत येऊन मी स्वतः टेप सोडवली, राजकुमाराला काढलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. आच्वानने सेन्सर नीट बसवला, माझे दोन उरलेले स्क्रू डब्यासकट मागवून घेतले आणि मीटरला लावले. शिनरूने चावी फिरवली. पिवळा दिवा लागला. ती गल्लीत एक चक्कर मारून आली आणि मीटरकडे बोट दाखवलं. विझला होता. आच्वानने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "इतकं हसलो, तेवढ्यात फिटलं." ते मला पैशांपेक्षा जास्त लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

मग त्याने गाड्या धुवायचा पाइप सोडून समोरचा रस्ता वीस पावलं ओला केला. तिथेही झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आहेत. "दाबून बघ," तो शिनरूला म्हणाला. "करकचून."

शिनरू ओल्या पट्ट्यांकडे बघत उभी राहिली. हेल्मेट घातलं, पट्टा लावला, परत सोडला, परत लावला. मग माझ्याकडे वळली. "बस मागे."

"मी?"

"मग कोण? बस."

आजवर मी तिच्या मागे कधी बसलो नव्हतो. बसलो. धरायचं कुठे ते कळेना, म्हणून तिच्या खांद्याला धरलं, आणि हाताखाली ते हाड लागलं, जुळलेल्या जागी जरा उंच. मी हात काढायला गेलो. "राहू दे," ती म्हणाली. गाडी मागे नेली, वळवली आणि सुटली. जोरात सुटली! पट्टे समोरून अंगावर यायला लागले. मी डोळे मिटले.

"बाबा, कुत्रा!" शिनरू किंचाळली आणि तिने ब्रेक दाबला.

माझं नाक तिच्या हेल्मेटवर आपटलं. खालून टकटकटक असा थरथराट आला, चाक पकडतंय आणि सोडतंय, पकडतंय आणि सोडतंय, आणि स्कूटर सरळ रेषेत, न हलता, पट्ट्यांच्या मधोमध उभी राहिली. शिनरूचे दोन्ही पाय जमिनीवर होते. तिचे खांदे माझ्या हातांखाली हलत होते, आणि मला आधी वाटलं की रडतेय.

"उघड डोळे," ती म्हणाली. हसत होती.

मी उघडले. नाकातून रक्त येत होतं. रस्ता ओला होता, मोकळा होता, आणि कुत्रा नव्हता.